आठ वर्षं भोंग्यातून बेस वाजवला, त्याची गोष्ट

चौतारी

परवा माळा आवरताना गोधडीत गुंडाळलेली माझी बेस गिटार खाली काढली. हरवली नव्हती, पंचवीस वर्षांपूर्वी मीच तिथे ठेवली होती. गोधडी आजीने शिवलेली. तेव्हा सांगलीत बेसची पिशवी कुठे मिळणार? आजीला माप दिलं, तिने विचारलं, "एवढं लांब बाळ कुणाचं रे?"

मुलीने तार छेडली. गंजलेली. तरी 'ढुम्म' असा आवाज आला आणि मला एकदम डिझेलचा वास आला. वीज गेली की लागायचा त्या जनरेटरचा. तेव्हापासून डोक्यात एकेक गोष्टी येतायत. इथे बरीच वाजवणारी मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. तुमच्याही लिहा.

१९९२ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. गिटारवर चार कॉर्ड यायच्या. आमच्याकडच्या एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला नोकरीला सौदीला गेला, आणि गणपती तीन आठवड्यांवर. मालक होस्टेलवर आले. म्हटलं, मला बेस येत नाही. ते म्हणाले, "सहा तारा येतात ना? मग चार येतीलच." या हिशोबावर मी बेसवाला झालो.

वाद्य त्या सौदीवाल्याचंच, अठराशे रुपयांना. कलकत्त्याची बनावट. मानेत सळई नव्हती, त्यामुळे ओढीने मान वाकत गेलेली. बाराव्या पट्टीवर तार इतकी उंच की खालून मांजर गेलं असतं. वजन विचारू नका. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ गणपतीत उठायचा तो दसऱ्याला जायचा.

पहिला कार्यक्रम तासगावच्या बाजूच्या एका गावात. मॅटाडोरमध्ये अकरा माणसं, मधे ट्रिपल कोंगो, माझ्या मांडीवर ऑक्टोपॅडचा स्टँड. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या जोडून वर ताडपत्री. बेसला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नाही. मी मिक्सरमध्ये, मिक्सर भोंग्यात, आणि भोंगे लिंबाच्या झाडावर. नऊला सुरू, दोनला संपला. तेव्हा दहाचा नियम नव्हता.

त्या रात्री तिसरं गाणं लावणीचं होतं. मला वाटलं, आता दाखवू. एकही मात्रा मोकळी न सोडता धडाधड वाजवत सुटलो. कडवं संपलं तसं ढोलकीवाले मामा माझ्याकडे वळले. मामा तमाशाच्या फडातून आलेले, वय तेव्हा पंचेचाळीस-पन्नास, तोंडात कायम तंबाखू. हात न थांबवता म्हणाले, "बाळा, तुझं भांडण कुणाशी हाय?"

मध्यंतरात ट्रॉलीच्या मागे बसवून त्यांनी मला केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, म्हणायला लावला. धा गे ना ती, ना क धी ना. "आता सांग, माझा डावा कुठं बोलतो?" मी मोजून सांगितलं: धा, गे आणि धी. "मग तिथं तू कशाला बोंबलतोस? समेला ये माझ्याबरोबर, मान्य. मग गप. 'ती ना क'ला माझा डावा मुका असतो. तेवढं रान मोकळं हाय. तिथं चाल."

मी बेसचं एवढंच शिक्षण घेतलं. नंतर आठ वर्षं तेच केलं.

गमतीचा भाग असा की हे सगळं ऐकू फक्त स्टेजवरच्यांना यायचं. वादकांसाठी एक डबा स्पीकर होता, त्यात मी 'ढब ढब' करायचो. लोकांना काय जात होतं देव जाणे. आणि आमचा कीबोर्डवाला रोज मध्यरात्रीनंतर डोळे वटारून सांगायचा, "चढा लागतोयस, उतर!" मी 'जी'ची, म्हणजे चारांतली सर्वांत बारीक तार संध्याकाळी व्यवस्थित लावलेली असायची. रात्री ती चढायची कशी, हे मला आजवर कळलेलं नाही.

---

धोबीतलाव_लोकल

वा! आता आमची बाजू. मी मुंबईचा रॉकवाला. तुमच्या लिंबाच्या झाडाच्या जागी आमचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं थिएटर, पायऱ्यांवर बसायचं, घामाने निथळायचं. इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव तिथे १९८६ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. कॉलेजात गेल्यावर मात्र एकही साल चुकवलं नाही. रॉक मशीन हा बँड बघितला, १९९३ला त्यांचं इंडस क्रीड झालं तेही बघितलं. सगळे गायक उदय बेनेगलकडे आणि महेश तिनईकरच्या गिटारकडे बघायचे, मी बेसवाल्या मार्क सेल्विनच्या उजव्या हाताकडे. बेसवाल्याकडे बघणारा माणूस शंभरात एक, आणि तोही स्वतः बेसवालाच असतो.

पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले. आजूबाजूला रुग्णालयं, कॉलेजं. रंगभवनातलं संगीत थांबलं. अजून तिथून जाताना मान वळते.

आमच्या बँडमध्ये मी बेसवर गेलो ते चिठ्ठ्या टाकून. तिघं गिटारवाले, तिघांनाही लीड हवं. चिठ्ठी माझी निघाली.

पण मामांचं म्हणणं मला पटलं नाही. आम्हाला शिकवलं ते नेमकं उलटं: ड्रमरचा पाय जिथे पडेल तिथे बेस पडला पाहिजे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकाच खिळ्याला टांगलेले हवेत. मोकळ्या जागेत चालायला गेलो असतो तर ड्रमरने काठी फेकून मारली असती.

---

चौतारी

@धोबीतलाव_लोकल, तुमचंही बरोबर आणि मामांचंही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. किकला सूर जवळजवळ नसतो. 'ठप्' आवाज आला आणि मेला. त्या ठपला सूर द्यायचं काम बेसचं, म्हणून दोघं मिळून एक आवाज होतो. ढोलकीच्या डाव्याला, तबल्याच्या डग्ग्याला स्वतःचा सूर असतो, शिवाय तो तळव्याने दाबून वर ओढतात. घुमारा मींड घेतो. त्या मींडेवर तुम्ही स्थिर सूर ठेवलात की दोन्ही गढूळ. एका घरात दोन सासवा.

कॉलेजच्या बँडमध्ये रॉकही वाजवलं मी. तिथे पायावर पाय ठेवून वाजवायचो आणि दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रात गेलो की मामा म्हणायचे, "काल विंग्रजी वाजवून आलास न्हवं?" त्यांना पहिल्या चार मात्रांत कळायचं.

---

साउंडचेक१२३

साताऱ्याहून. तीस वर्षं साउंड करतोय, त्यामुळे तुमचं एक जुनं दुखणं बरं करतो आणि एक नवीन देतो.

आधी नवीन. बेसची सर्वांत जाड तार ई, म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ. ए ५५, डी ७३, जी ९८. गावातला भोंगा साधारण तीनशेच्या खाली काही देतच नाही, तो बोलणं लांब पोचवायला केलेला असतो. म्हणजे तुम्ही आठ वर्षं जे वाजवलंत त्याचा मूळ स्वर झाडाखालच्या माणसापर्यंत एकदाही गेला नाही. वाईट वाटून घेऊ नका. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर निघतात, ते थोडेफार जातात, आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर आपल्या आपण भरून घेतो. लोकांनी तुमचा बेस ऐकला, पण अर्धा त्यांनी मनात वाजवला.

आता जुनं दुखणं. एक सांगा, जी ची तार लावायचात कशावर?

---

चौतारी

ट्यूनर नव्हता. कीबोर्डवाला उशिरा यायचा. खरं सांगू? डबा स्पीकर चालू केला की गुंSSS असा आवाज यायचा ना, तो जी च्या जवळ असतो हे मला लवकर कळलं होतं. त्यावर लावायचो. हुशारी समजायचो स्वतःची.

---

साउंडचेक१२३

हा हा हा! तेच वाटलं मला.

ती गुणगुण विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, गुणगुण ५० आणि तिच्या दुपटीची, म्हणजे १००. जी ची मोकळी तार ९८. म्हणजे विजेवर लावलीत तर तार अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चढी. मामांना नाही पण कीबोर्डवाल्याला टोचणार.

आता संध्याकाळी बरोबर आणि रात्री चढी का? नव्वदच्या दशकात वीज ५० वर टिकतच नसे. संध्याकाळी सगळ्या गावांचे दिवे लागले, मागणी वाढली की ग्रिड दमायचं, फ्रीक्वेन्सी ४९पर्यंत, कधी त्याहून खाली यायची. ४९ची दुप्पट किती? ९८. नेमका जी! मध्यरात्री मागणी पडली, त्यात गणपतीचे दिवस म्हणजे पाऊस, शेतीचे पंप बंद, की तीच फ्रीक्वेन्सी ५०च्या वर. मध्यंतरात तुम्ही पुन्हा त्याच गुणगुणीवर तार जुळवून घेत असणार.

---

चौतारी

घेत होतो! दर मध्यंतरात!! अरे देवा. म्हणजे तीस वर्षं मी ओलाव्याला शिव्या देतोय आणि मला चढवत होतं कोयनेचं पाणी.

---

धोबीतलाव_लोकल

हा धागा इथेच बंद करा. याच्यावर काही होणे नाही. 😂

---

तळटीप

बंद करण्याआधी थोडी भर.

बेस गिटार म्हटलं की सगळे १९५१ आणि लिओ फेंडर म्हणतात. ३४ इंची तारेची, पट्ट्या असलेली, गळ्यात अडकवायची बेस त्याने खपवली हे खरं. पण सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच तशी विजेवरची बेस बनवली होती. चालली नाही, एवढंच.

आपल्याकडे चित्रपटसंगीतात आधी उभा डबल बेस होता, गजाने किंवा बोटाने. पुढे विजेची बेस आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे नाव बेसवाल्यांना माहीत हवं. दुसरे चरणजित सिंग. तेही स्टुडिओत बेस वाजवत. १९८२ साली त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली, ती तेव्हा कुणी विचारली नाही. वीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांनी ती उकरून काढली आणि 'हे आमचं क्लबातलं नाचाचं संगीत आमच्याआधी कसं सुचलं' म्हणून डोक्याला हात लावला. हा माणूस बेसवालाही होता, हे लक्षात घ्या.

---

मांडवीकाठ

टोनी वाझ आमचे. म्हणजे गोंयकार. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन, ट्रंपेट, बेस, निम्मी खुर्ची गोव्याची होती. कारण सोपं आहे. इथे चर्चच्या शाळेत पोराला आधी नोटेशन वाचायला शिकवायचे, मग बाकीचं. मुंबईत संगीतकार चाल गुणगुणणार, अरेंजर ती कागदावर उतरवणार आणि आमची माणसं कागद बघून पहिल्याच दमात वाजवणार.

मी हिंदू घरातला, पण शेजारच्या वाड्यावरच्या बँडमध्ये बेस वाजवायचो. लग्नं, फेस्तं. तियात्रातही, म्हणजे कोकणी संगीत नाटकातही, दोनदा बसलो. तियात्राचा बँड रंगमंचाच्या खाली समोर बसतो आणि कांतारावाला (गाणं म्हणणारा) कधी ओळ वाढवेल सांगता येत नाही. त्याच्या खांद्याकडे बघत वाजवायचं. लग्नात वेगळीच तऱ्हा. म्हातारी माणसं नाचायला उतरली की ड्रमर हळू करतो आणि सगळा भार बेसवर येतो. वाल्ट्झला एक-दोन-तीनमधला 'एक' माझा. तो 'एक' चुकला तर ऐंशी वर्षांची आजी पडेल, अशी भीती घालून ठेवली होती आम्हाला. एकही पडली नाही. तुमच्या मामांनी 'गप' शिकवलं, आमच्याकडे तो 'एक'.

---

बेसवाल्याची बायको

आयडी मुद्दाम काढलाय. नवरा इथे वाचनमात्र असतो, वाचू दे.

लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात गेले, तर गॅसवर पातेल्यात तारा उकळतायत. दुधाचं पातेलं! म्हणे बेसच्या तारा महाग, मळल्या की आवाज बसतो, दहा मिनिटं उकळल्या की मळ सुटतो आणि महिनाभर पुन्हा वाजतात. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी तुळशीला नको, नळाखाली ओत." म्हणजे हे आधीपासून चालू होतं.

आमच्या लग्नाच्या रिसेप्शनला याचेच मित्र वाजवत होते. एका गाण्याला बेसवाला बदली हवा म्हणून नवरदेव शेरवानीवर बेस अडकवून गेला तो पाच गाण्यांनी परत आला. फोटोंत मी एकटी आहे आणि मागे धूसर तो.

---

सॅनहोजेकर

तारा उकळणं जगभर चालतं, वहिनी! इथे माझ्या गॅरेजच्या बँडमधला अमेरिकन ड्रमर मला हे शिकवायला निघाला होता. त्याला सांगितलं, आमच्याकडे वरण लागलं तरी भांडं बदलत नाहीत.

दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन तारा बदलतच नसे. गुळगुळीत वेटोळ्याच्या तारा, त्यावर वर्षांची घाण आणि उजव्या हाताचं एकच बोट. आवाज असा की अजून लोक त्याच्या मागे आहेत. कंजूष लोकांनी हे नाव पाठ करून ठेवावं.

---

शेवग्याची शेंग

विषयांतराबद्दल क्षमस्व. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिने बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघून बेसचा हट्ट धरलाय. सर म्हणतात आधी दोन वर्षं साधी गिटार शीक. खरंच गरज आहे का? आणि चण छोटी आहे, एवढं मोठं वाद्य झेपेल?

---

धोबीतलाव_लोकल

गरज नाही. गिटार शिकून बेसवर आलेला माणूस आयुष्यभर जास्त वाजवतो. माझ्यावरून सांगतो. हट्ट बेसचा आहे तर बेसच द्या.

३४ इंची लांब पडेल, पहिल्या पट्टीपर्यंत हात ताणावा लागतो. ३० इंची, 'शॉर्ट स्केल' म्हणतात ती बघा. बीटल्सच्या मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर तशीच आखूड आहे, तेव्हा कमीपणा नाही. दुकानात उभं राहून गळ्यात अडकवून बघायला सांगा. काही बेसचा मानेकडचा भाग जड असतो, हात सोडला की मान खाली झुकते. मुलीचा डावा हात ती मान तोलण्यातच जाईल. ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. पट्टा रुंद घ्या. आणि अ‍ॅम्प्लिफायर गिटारचा नको, बेसचा वेगळा. गिटारच्या स्पीकरवर मोठ्याने बेस वाजवला तर कागद फाटतो.

---

शेवग्याची शेंग

खूप आभार. स्पीकरचा कागद फाटतो हे माहीत नव्हतं, घरात मोठ्या मुलाचा गिटारचा आहे आणि तोच वापरायचा बेत होता.

---

साउंडचेक१२३

हळू आवाजात चालेल हो, सरावापुरता. फक्त भाऊ घरी नसताना.

---

कृष्णाकाठ

@चौतारी, मान वाकलेली म्हणालात. मग आठ वर्षं वाजवलीत कशी? पट्टीवर तार खडखडली असेल ना?

---

चौतारी

खडखडायची तर! त्याची वेगळीच कथा आहे, मूळ लेखात राहून गेली.

१९९५च्या सुमारास एवढी खडखडायला लागली की मालकांनी 'दुरुस्त कर नाहीतर घरी बस' सांगितलं. पुण्या-मुंबईला जायला पैसे नव्हते. सांगलीहून मिरज किती, सिटी बसने अर्धा तास. तिथे सतारमेकर गल्लीत गेलो. ही मंडळी मुळात शिकलगार, तलवारींना पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोरे बनवायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलं. आता तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालंय, २०२४ साली. तेव्हा तसलं काही नव्हतं. ओळीने दुकानं, दारात पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत घातलेले, आत तुणीच्या लाकडाचा आणि लाखेचा वास.

एका चाचांच्या पुढे गोधडी उघडली. त्यांनी वाद्य उलटंपालटं केलं, भोपळा कुठे आहे असं विचारलं. मग मोकळी तार छेडली. खर्रर्र. चेहरा खुलला त्यांचा. "जवारी तो अच्छी खुली है!" जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची झणझण. मी म्हटलं, चाचा, ती बंद करायची आहे. त्यांना कळेना. म्हणाले, आम्ही तंबोऱ्याच्या घोडीवर चार-चार दिवस कानस मारतो तेव्हा कुठे असा आवाज निघतो, लोक लांबून येतात त्यासाठी, आणि तू उलट सांगतोस?

शेवटी फूटपट्टी धरून सगळ्या पट्ट्यांची डोकी घासून एका पातळीत आणली. वरचं खोबणीचं प्लॅस्टिक फेकून हाडाचं घातलं. खालच्या घोडीला पाचर दिली. मानेचा बाक काही गेला नाही, पण खडखड नव्वद टक्के गेली. उरलेली दहा टक्के चाचांनी मुद्दाम ठेवली असा माझा संशय आहे. चाळीस रुपये आणि चहा. पैसे मी दिले, चहा त्यांनी.

त्यानंतर लावणीत मामा एकदाच म्हणाले, "आता तुझा आवाज माणसासारखा येतोय."

---

मांडवीकाठ

मग सोडलंत का?

---

चौतारी

मी सोडलं नाही, खुर्चीच गेली. आधी कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस द्यायला सुरुवात केली. कीबोर्डची अर्धी बाजू बेसच्या आवाजाला लावायची, काम झालं. मालकांची एक नाईट, म्हणजे एका वादकाचे रात्रीचे पैसे, वाचली. माझी नाईट पंचाहत्तरपासून सुरू होऊन दीडशेपर्यंत गेली होती, त्यासाठी मॅटाडोरमधली एक जागा अडायची. मालकांचा हिशोब चुकीचा नव्हता. मग तयार ट्रॅक आले, तेव्हा कीबोर्डवालाही गेला. २०००ला ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हळूहळू रात्री दहाला बंद म्हणजे बंद होऊ लागलं. एका रात्रीची सुपारी तीन तासांवर आली. तीन तासांसाठी अकरा माणसं कोण नेणार? नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझ्या खोलीशेजारी कुणी दोनपर्यंत भोंगा लावला तर मीच आधी फोन करेन.

माझी नोकरी पुण्यात लागली. बेस गोधडीत गेली.

---

कृष्णाकाठ

एक विचारतो. तुमचे ढोलकीवाले मामा म्हणजे बुटके, डाव्या कानात भिकबाळी, गावभागात राहायचे ते का? ते असतील तर आहेत अजून. आमच्या गल्लीच्या मागे. मुलाकडे असतात. ऐकायला जवळजवळ येत नाही.

---

चौतारी

भिकबाळी! तेच. मी धागाभर त्यांच्याविषयी भूतकाळात लिहीत होतो. कधी चौकशीही केली नाही. निरोप पाठवतो तुम्हाला.

---

तळटीप

गेलात की इथे कळवा.

---

चौतारी

जाऊन आलो. रविवारी. तारा नव्या घातल्या (उकळल्या नाहीत), साउंडचेकरावांच्या सल्ल्याने बॅटरीवरचा छोटा बेसचा अ‍ॅम्प्लिफायर उसना घेतला, गोधडी तीच.

मामांनी ओळखलं नाही. मुलाने कानाशी तोंड नेऊन दोनदा ओरडून सांगितलं, 'ऑर्केस्ट्रातला बेसवाला'. त्यांनी मान डोलावली, पण ती पाहुण्याला डोलावतात तशी. ऐंशीच्या घरात आहेत. ढोलकी खुंटीवर आहे, नातू वाजवतो. मुलगा म्हणाला, नातू वाजवतो तेव्हा विचारतात, शाईला हात लावतोयस का नुसता डावाच बडवतोयस? वरचा आवाज त्यांना येतच नाही. माझ्या लक्षात आलं, वयाने कान जातो तो वरून जातो. बारीक आवाज आधी.

मी बेस लावली. नातवाने केरवा धरला. मी समेला एक दिला आणि गप बसलो, मग 'ती ना क'ला चाललो. मामा खुर्चीत पुढे सरकले. हात लांब करून त्यांनी तळवा बेसच्या लाकडावर ठेवला, अगदी ढोलकीच्या डाव्या तोंडावर ठेवतात तसा, आणि ठेवूनच दिला. चार आवर्तनं झाली असतील. मग नातवाकडे बघून म्हणाले, "ह्यो ऐकू येतोय. तुझंच येत नाही."

नंतर चहा झाला. त्यांनी मला दोनदा विचारलं की सौदीहून कधी आलास. मी पहिल्यांदा खुलासा केला, दुसऱ्यांदा म्हटलं, परवाच.

गडबडीत बेसचा पट्टा तिथेच राहिला. शनिवारी जाणार आहे. @कृष्णाकाठ, घरी असाल तर सांगा, भडंग कुठलं आणायचं.